आंब्यासाठी सोडलेला चहा

अमळनेरच्या स्टँडवर भडगावच्या रांगेत ताईबाईच्या पुढे शेठाणी गुलाबबाईंना खेड्यातली भिकुबाई भेटली.

“भिकुबाई, अंगणातला आंबा मोहरला!”

“व माय! कुऱ्हाड दखाडी ना त्याले, मी सांगेल व्हतं तशी?”

“छे! आमच्या धर्मात झाडाला कुऱ्हाड दाखवून भेवडावणंही पाप. मी दिवाळीला त्याच्यासमोर उभी राहिले आणि चहाच सोडला. तू मोहरशील तेव्हाच पिईन, म्हटलं.”

“शेठ तर आंबा तोडीसन गोदाम बांधणार व्हतात!”

“आता म्हणतात, भिंत वाकडी काढू!”

“मंग चहा लिधा का?”

“कुठला! सकाळपासून दिसेल त्याला मोहोर दाखवतेय. आता बहिणीला सांगायला निघाले. चहा राहूनच गेला!”

गाडी लागली. मागे उभी राहून सगळं ऐकणाऱ्या ताईबाईने पुढे होऊन दोघींचे दंड धरले.

“गाडी दुसरी येईल. आधी कँटीनमध्ये चला.”