पहिल्यांदा विचारणारा

नाही म्हटलं ना, चूक तुमची नव्हती असं पत्रबित्र काही मिळायचं नाही — आणि ते टोक नीट धरा, काउप्पिला, न बोलावता आलाच आहात तर सतरंजी तरी पिळू लागा. कुणी सांगितलं तुम्हाला, ही हिल्क्का शनिवारी तळ्याकाठी, धुण्याच्या धक्क्यावर असते म्हणून? शेजारणीनं? सांगणारच, तिच्या तोंडाला कुलूप कुठंय. जुलैतला एक दिवस, चार सतरंज्या घासायच्या, थर्मासमधली कॉफी प्यायची, कुणाशी बोलायचं नाही — एवढंच मागते मी उन्हाळ्याकडून. आणि तुम्ही योएन्सूहून साडेचार तास गाडीत बसून येता, कशाला, तर विचारायला, की चूक कर्नेलमध्ये, कॉम्प्युटरच्या मुळाशी चालणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये, होती का. नव्हती. सगळं ठीक होतं. झालं समाधान? द्या तो ब्रश.

बघताय काय असे? फेब्रुवारीत तुमचा ईमेल आला, आम्ही जगभरचे कर्नेल लिहिणारे जिथं भांडतो तिथं, सगळ्यांसमोर. ‘मी ध्वनिसंग्रहात काम करतो, एक्केचाळीस फिती कॉम्प्युटरवर उतरवल्या, आता फायली रिकाम्या आहेत, कृपया सांगाल का...’ कृपया! तिथं कुणी कृपया म्हणत नाही हो. मी उत्तर दिलं — तुमची डिस्क मेलीय, नवी घ्या, इथं कचरा टाकू नका. बस्स. मला याहून वाईट ऐकवलंय लोकांनी, वीस वर्षं ऐकतेय, मी गेले का कुणाच्या दारात रडत? संग्रहातल्या तुमच्या वरच्या बाईसाहेबांनी त्याची प्रिंट काढून तुमच्या फायलीत लावली, तुम्हाला घरी बसवलं, त्याचं खापर माझ्या डोक्यावर कशाला? मी म्हटलं होतं का, जुन्या फिती जाळून टाका?

बुरशी लागली होती, माहितीय. उतरवल्या की जाळायच्या असा नियम, तेही माहितीय. पण उतरल्या की नाही ते बघायला नको? — विचारलंत. हो. विचारलंत तुम्ही. प्रोग्राम म्हणतो, डिस्कवर लिही, कर्नेल म्हणतो, लिहिलं, आणि लिहीत नाही, मेमरीत ठेवतो आणि सवडीनं लिहितो. त्याला इलाज नाही, नाहीतर यंत्र रांगेल. म्हणून शहाणा माणूस शेवटी विचारतो, पोचलं का? तुम्ही विचारलंत, तो म्हणाला, पोचलं. वर उतरवलेल्या फायली वाजवूनही पाहिल्यात. आल्या ना ऐकू त्या कारेलियन म्हाताऱ्या, मयतावर रडगाणी म्हणणाऱ्या? एकूण एक? येणारच! मेमरीतून येत होत्या. डिस्कवर एक अक्षर नव्हतं. यंत्र बंद करून चालू केलंत, आणि गेल्या सगळ्या.

मला कसं ठाऊक? मला ठाऊक नसणार तर कुणाला — बादली सरकवा. तुम्हाला मूर्ख ठरवायचं होतं, म्हणून ठाऊक. एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर डिस्क ठेवली, लिहिणं चालू असताना केबल उपटली, पुन्हा लावली. पंधरा दिवस तेच, उपटायची, लावायची, जेवण टेबलाच्या कोपऱ्यावर. म्हटलं, बघू तर या माणसाच्या म्हणण्यात काय आहे. तर लिहिणं फसलं की कर्नेल ते सांगतो, पण एकदाच. पहिल्यांदा जो विचारेल त्याला. आणि मग मेमरीतल्या त्या मळक्या पानावर — डिस्कवर जायचं राहिलेल्याला आम्ही मळकं म्हणतो — ‘स्वच्छ’ असा शिक्का मारून मोकळा होतो, पुन्हा लिहायला जातच नाही. तुमच्याआधी कुणी विचारलं? डिस्कवर नजर ठेवणारा एक फालतू प्रोग्राम असतो, दर मिनिटाला विचारतो, उत्तर कुणी वाचत नाही. त्याला खरं सांगून झालं. तुम्ही दुसरे. तुम्हाला म्हणाला, सगळं ठीक.

शिक्का मारणारी ती ओळ कुणाची? कुणाची म्हणजे काय. माझी. सहा वर्षांपूर्वीची. पिळा ना, थांबलात का?

हे काय काढलंत? भिजेल तो कागद. ...हं. मे महिन्यातली दुरुस्ती. सापडली तर तुम्हाला. ‘किरकोळ साफसफाई.’ हो, मीच लिहिलंय ते, सही दिसत नाही का? आणि खाली बोट कशाला ठेवताय, तिथं काही नाहीये, मला माहितीय तिथं काही नाहीये! आमच्यात रीत आहे, चूक ज्यानं कळवली त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं. शाळकरी पोरांची लिहिलीत मी, माझ्या वैऱ्यांची लिहिलीत. तुमचं नाही लिहिलं. लिहिलं असतं तर लोकांनी फेब्रुवारीतला ईमेल उकरून काढला असता — बघा बघा, हिल्क्कानं काय उत्तर दिलं होतं. भ्याले मी. ऐकायचं होतं ना? भ्याले. आणि आता घालताही येत नाही, दुरुस्तीखालची नोंद एकदा तिथं गेली की कुणालाच बदलता येत नाही, मलासुद्धा.

जाहीर लिहू? सगळ्यांसमोर? त्यानं काय त्या म्हाताऱ्या परत येणारेत? — तुमची नोकरी, हो, कळलं, तुमची नोकरी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तुमची. कळतं मला. ओरडू नका. ...नाही, तुम्ही नाही ओरडत, मीच ओरडतेय.

काय म्हणालात? पुन्हा तेच, चूक कर्नेलमध्ये होती का? आल्या आल्या विचारलंत, तेव्हा मी ठीक होतं म्हटलं ना तुमच्या तोंडावर... सोडा ते टोक. सोडा म्हणते ना, मी पिळीन एकटी. कर्नेल निदान पहिल्यांदा विचारणाऱ्याला तरी खरं सांगत होता. जा आता, काउप्पिला. गाडी चुकेल तुमची.