हरायला गेलो होतो, गाडी वळवून आलो

…हसू नका, आधी ऐकून घ्या. हरायला काय लागतं हो? धावायचं नाही, उडायचं नाही, एक गाडी चिखलात घालायची आणि मान खाली घालून उतरायचं, एवढंच काम, आणि तेवढंही मला जमलं नाही. तुम्हाला सांगतो, जिंकणारे पायलीचे पन्नास मिळतील, पण ठरवून हरायला निघालेला आणि तिथंही नापास झालेला माणूस बघायचा असेल तर तो हा तुमच्यासमोर उभा आहे. उभाच आहे, कारण बसवत नाही.

आणि बसवत का नाही, तर म्हातारीमुळे. म्हातारी म्हणजे बायको नव्हे हं, उगाच माझ्या घरात आग लावू नका. म्हातारी म्हणजे आमच्या पाणीपुरवठा खात्याची गाडी, आणि मी तिचा बावीस वर्षांचा ड्रायव्हर. डोंगरावर आमची पाण्याची टाकी आहे, तिथं रोज सकाळी साहेबांना आणि पाण्यात टाकायच्या पावडरीच्या डब्यांना घेऊन जायचं. आता त्या वाटेला रस्ता म्हणायचं तर धोंड्यांना काय म्हणायचं? म्हणून गाडी फोर व्हील ड्राइव्ह, चारही चाकांत ताकद… पण ती ताकद आणायची कशी, तर पायथ्याशी उतरायचं, पुढच्या एका चाकापाशी उकिडवं बसून हातानं खटका फिरवायचा, उठायचं, दुसऱ्या चाकापाशी बसायचं, पुन्हा खटका, पुन्हा उठायचं, वर चढायचं आणि मग गिअरशेजारचा दुसरा दांडा दोन्ही हातांनी ओढायचा. एवढं झाल्यावर चारही चाकं जागी होतात आणि माणूस झोपायला टेकतो. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दोन मणक्यांचं वय तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी जास्त दिसतंय. गाडी तरी बदला, नाहीतर नोकरी."

नोकरी या वयात कोण बदलून देतो? म्हणून मी अर्ज केले, तीन वर्षांत सात. आमचे साहेब माणूस भला, पण चिकित्सक. "गाडी चालतेय ना? मग अडलंय कुठं?" अडलंय माझ्या कमरेत, साहेब, पण ते कागदावर दिसत नाही. शेवटी आठव्या अर्जाला विरघळले. म्हणाले, "असं करू. शोरूममधून नवी गाडी मागवू. ती आणि म्हातारी, दोन्ही टाकीच्या वाटेवर माझ्या डोळ्यांदेखत चालवायच्या. चढ, चिखल आणि वळण. नवी सरस ठरली तर तिथंच सही करतो. नाही ठरली, तर म्हातारीला अजून पाच वर्षं, आणि पुन्हा अर्ज करायचा नाही." म्हणजे आलं का लक्षात? म्हातारी मीच चालवणार. निकाल माझ्याच हातात. मला फक्त हरायचं होतं.

बायकोला सांगितलं तर ती खूश व्हायच्याऐवजी माझ्याकडे संशयानं बघायला लागली. "तिथं जाऊन शहाणपणा करू नका." म्हटलं, मी कशाला करीन? "मी ओळखते तुम्हाला. कुणी स्टिअरिंगबद्दल ब्र काढला की चढतो तुम्हाला चेव. गप हरून यायचं. हं, आता हरल्यासारखं उतरून दाखवा." आणि मला, बावन्न वर्षांच्या माणसाला, तिनं स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून चार वेळा उतरायला लावलं. "मान खाली. अजून खाली. आणि हसताय कशाला? हरणारा माणूस हसतो का?"

ठरल्या दिवशी नवी गाडी आली. आली कसली, अवतरली. सोबत शोरूमचा माणूस, गॉगल डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. "बसून बघा काका. इथं हे गोल बटण. चिखल, वाळू, दगड, काय असेल ते फिरवून ठेवायचं, पुढचं गाडी बघते." मी बसलो आणि… तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पाठीची विचारपूस केली. डोळ्यांत पाणी आलं हो. मनात म्हटलं, बाई, तुझ्यासाठी मी वाटेल तसा हरतो.

पहिला चढ. सुटी खडी, मध्ये दोन मोठे धोंडे. नवी गेली ती आवाज नाही, धूर नाही, आणि एक चाक हवेत उचललं गेलं तरी तिला पत्ता नाही, कारण जे चाक मोकळं फिरतं त्याला ती आपोआप दाबून धरते आणि जोर टेकलेल्या चाकांना देते. आमच्या म्हातारीचं चाक उचललं की ते वारा घालत बसतं. दोनदा थांबलो, एकदा मागं घसरलो, खडखडत कसाबसा वर पोचलो आणि ठरल्याप्रमाणे मान खाली घालून उतरलो. साहेबांनी कागदावर नव्या गाडीपुढं खूण केली. म्हटलं, बघ, जमतंय की.

मग चिखल. गॉगलवाल्यानं बटण फिरवलं, नवी जराशी रुतली, चाकं आपल्या मनानं थांबत फिरत बाहेर आली, संपलं. आता मी. बेत साधा होता… मध्यावर जायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, गाडी बसते. गेलो मध्यावर. मन म्हणतंय पाय काढ, बायको म्हणतेय पाय काढा, दोन्ही मणके हात जोडून म्हणतायत पाय काढा… आणि पाय काही ऐकेना. चिखलात मला विचारल्याशिवाय उठायचं नाही, हे त्याला बावीस वर्षं मीच शिकवलंय. हात आपोआप स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवतायत, चाकं कडेची घट्ट माती शोधतायत, आणि म्हातारी फुरफुरत पलीकडच्या काठावर. साहेब म्हणाले, "बरोबरी." बरोबरी कसली? मला फक्त हरायचं होतं.

राहिलं टाकीपाशी वळवणं. तिथं एका बाजूला टाकीची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मध्ये जेमतेम गाडी आडवी मावेल एवढी जागा. आता नवी गाडी लांब, तिला वळायला मैदान लागतं. चारी बाजूंनी कॅमेरे आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, पीं पीं पीं. वीतभर पुढं, पीं, वीतभर मागं, पीं. मी मोजत होतो, चौदा वेळा. गॉगल डोक्यावरून खिशात गेला. पण वळली, खोटं कशाला बोलू, वळली. म्हणजे अजूनही सगळं माझ्याच हातात होतं. मी गाडीत बसलो, उगाच एकदा पुढं, एकदा मागं केलं, कमरेवर हात ठेवला, दार उघडून एक पायसुद्धा खाली टाकला, "नाही जमत, साहेब" हे ओठांवर आलेलं… आणि तो गॉगलवाला पुढं आला. अगदी प्रेमानं, हं. "राहू द्या काका, या वयात कशाला धडपड? मी वळवून देऊ का तुमची?"

वळवून देऊ का. म्हातारी. त्या टाकीपाशी, जिथं मी सहा-साडेसहा हजार वेळा गाडी वळवलीय, पावसात वळवलीय, धुक्यात वळवलीय, साहेब मागं घोरत असताना त्यांची झोप न मोडता वळवलीय. तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?

पाय आत, दार बंद. एकदा मागं, मागचं चाक दरीच्या काठापासून चार बोटांवर, स्टिअरिंग पूर्ण फिरवून एकदा पुढं, आणि म्हातारीचं तोंड उताराकडे. खिडकीतून बाहेर वाकून विचारलं, "काय म्हणालात?" छाती अशी भरून आली म्हणून सांगू, लग्नातसुद्धा आली नव्हती. पुढच्याच क्षणी कंबर म्हणाली कट्, आणि मग मला बायको आठवली. मला फक्त हरायचं होतं हो.

साहेब टाळ्या वाजवत आले. "वर तर दोन्ही चढतात. पण रोज चौदा वेळा पुढंमागं कोण करत बसणार? म्हातारीच राहू दे. पाच वर्षं." वर म्हणाले, "खूश केलंत. काय हवं ते मागा." मागा म्हणाले. नवी गाडी, दोनच शब्द होते. पण तो खिशातला गॉगल समोर उभा, आणि आत्ताच ज्या गाडीला खाली पाहायला लावलं तीच मागायची? तोंडातून निघालं, "पाठीला एक उशी द्या, साहेब."

घरी सांगितलं. बायकोनं स्वयंपाकघरातलं ते स्टूल पायानं भिंतीकडे सरकवलं. मग म्हणाली, "निदान जाड तरी मागायची."

परवा उशी आली. चांगली जाड, मऊ, खात्याचा शिक्का मारलेली. मी पाठीशी लावणार एवढ्यात साहेब आले, शेजारी बसले, उशी दाबून बघितली. "वा. तुम्हाला खरंच लागते का हो ही? एवढी पक्की पाठ तुमची, त्या दिवशी बघितली ना मी." मी म्हटलं, "घ्या साहेब, घ्या. मला सवय आहे."