हापशीभोवतीची जावास्क्रिप्ट

समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच दीपमालाताई तायडे. प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले आणि गावात क्वचितच दर्शन देणारे वायरमन पिंटूभाऊ. ज्यांच्यासाठी आज आपण सगळी कामं टाकून आलो त्या सत्कारमूर्ती बिल्कीस मॅडम. आणि सभागृहात मावले नाहीत म्हणून खिडक्यांमध्ये बसलेले माझे बंधू-भगिनी,

मी खुशालराव. वयानं आजोबा, जावास्क्रिप्टच्या पहिल्या तुकडीचा मॉनिटर. निरोपाचं भाषण गोड असावं अशी रीत आहे. मी प्रयत्न करतो, पण मी आज मनातून चिडलेलो आहे. ते मधून मधून बाहेर आलं तर चालवून घ्या.

ही जावास्क्रिप्ट आपल्या गावात आली कशी? गेल्या साली कापसानं दगा दिला, जिल्ह्यावर अवकळा आली, आणि वर कुठेतरी ठरलं की या लोकांना काहीतरी दिलं पाहिजे. शेजारच्या गावाला गाई मिळाल्या. आपण फवारणीचे पंप मागितले होते, आपल्याला जावास्क्रिप्ट, म्हणजे संगणकाची भाषा शिकवणारं केंद्र मिळालं. पत्र घेऊन आलेला माणूस म्हणाला, हा कापसाला पर्याय आहे, याच्यावर बोंडअळी पडत नाही. मग अकोल्याहून पहिल्या बसनं मॅडम आल्या आणि त्यांनी आल्या आल्या खरं काय ते सांगितलं, की या भाषेतही किडे पडतात आणि ते शोधण्यातच माणसाचा अर्धा जन्म जातो. तेव्हा कुठे आम्हाला घरच्यासारखं वाटलं.

संगणक आले, पण लाइन कुठे होती? पिंटूभाऊ, मी तुमच्याकडे बघत नाही आहे. दिवसभर भारनियमन. दुसरी कोणी असती तर हजेरीवर सह्या घेऊन अकोल्याची परतीची बस पकडती. मॅडम म्हणाल्या, संगणक चालत नसेल तर नसू द्या, तुम्ही तर चालता ना? आणि त्या दिवसापासून आम्हीच संगणक झालो.

आधी व्हेरिएबल. म्हणजे नाव लिहिलेला डबा. आज त्यात तूर ठेवा, उद्या तिखट, परवा नुसता एखादा शब्द. डबा कुरकुर करत नाही. डबा मांडला पण त्यात काही टाकलंच नाही, तर आत असते ते अनडिफाइंड. आणि कोणी मुद्दाम येऊन यात काही नाही असं ठरवून गेलं, तर ते नल. हा फरक शहरातल्या पोरांना लवकर उमगत नाही म्हणे. आपल्याला समजायला कितीसा वेळ लागला? मदत जाहीर झाली आणि पोहोचली नाही, ते अनडिफाइंड. पंचनाम्यात ‘निरंक’ लिहून गेले, ते नल.

मग बेरीज. पाच आणि तीन आकडे असले तर आठ. पण पाचाला अवतरण चिन्हात बसवलं की तो अक्षर होतो, आणि पाच अधिक तीन होतात त्रेपन्न. आपला पाच आणि तीन क्विंटल माल बाजारात गेला की साडेसात भरतो. त्रेपन्न भरवणारी ही पहिलीच भाषा. त्या दिवशी तुकडीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

आमच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई फंक्शन झाल्या. नुसतं नाव घेतलं तर ती फक्त ओळख. नावापुढे हातांचा कंस केला की काम सुरू, आणि कंसात जे धराल तेच सामान घेऊन. घरी आता मी दोन्ही हातांच्या कंसात दूध-साखर धरून उभा राहिल्याशिवाय नीट चहा होत नाही. रिकामा कंस केला तर कोरा येतो.

आणि नत्थुजी, जे इथे पुढच्या रांगेत पाय घमेल्यात बुडवून बसले आहेत, ते झाले लूप. जोवर लाइन नाही, तोवर हापशीभोवती चक्कर मारायची. प्रत्येक चक्कर सुरू करताना ग्रामपंचायतीच्या बल्बकडे बघायचं. लागला असेल तर बसायचं, नसेल तर निघायचं.

आता मुद्दा असा, की मॅडमची नेमणूक तात्पुरती होती. तपासणी व्हायची होती, आणि आम्ही समजून चाललो की तुकडी पास झाली तर मॅडम राहतील. पुढची तुकडी गावातल्या उरलेल्या बायांची होती. त्या बिचाऱ्या रोज दाराबाहेर उभ्या राहून शिकत होत्या. म्हणून आम्ही जिवावर उदार होऊन तयारी केली.

तपासणीचे साहेब आले तेव्हा लाइन नव्हतीच. डबे झाले, बेरीज झाली, मनकर्णाबाईंनी कंसाप्रमाणे चहा दिला. मग नत्थुजी सुटले. साहेबांनी थोडा वेळ कौतुकानं पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, मग थांबा म्हणाले. नत्थुजी थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, “साहेब, मले सांगून काय फायदा? मी कंडिशनचं आयकतो. लाइन आना, मी बसतो.”

ऊन चढलं. घरच्यांनी भाकर आणली, ती त्यांनी चालत खाल्ली. म्हातारा पडला तर चौकशी आपली होईल हे साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी मॅडमना सांगितलं, याला बंद करा. मॅडमचा चेहरा उतरला होता, पण त्या म्हणाल्या, “सर, आता मधूनच बसवलं तर मग मी यांना शिकवलं काय?”

तेव्हा साहेबांनी फोन फिरवला. एका ऑफिसातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. आणि भर दुपारी, आमच्या हरभऱ्यासाठी जी कधी आली नाही ती लाइन आली. बल्ब लागला. नत्थुजी नेमके हापशीच्या पलीकडे. सगळे ओरडले, बसा. पण निघालेली चक्कर पुरी झाल्याशिवाय कंडिशन बघायची नसते. बल्ब लुकलुकत होता, नत्थुजी लंगडत होते, आणि तेवढ्यात लाइन गेली असती तर? पिंटूभाऊ तिकडे खांबावर तार धरून होते. नत्थुजी आले, त्यांनी बल्बकडे नीट बघून घेतलं, आणि मातीतच बसले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळ्या तुकडीला पास केलं.

मग हुकूम आला. गाव जावास्क्रिप्ट शिकलं, सबब इथली गरज संपली, केंद्र बंद. शिकवण्याची पद्धत उत्तम, सबब मॅडमनी अमरावतीला जाऊन साहेब लोकांना शिकवावं. म्हणजे आम्ही नापास झालो असतो तर मॅडम राहिल्या असत्या. मी हे नत्थुजींना सांगितलं. त्यांनी घमेल्यातून पाय बाहेर काढले. मग म्हणाले, “मले आंदीच काहून नाई सांगतलं बे? मी चालत राह्यलो असतो.”

मॅडम, तुम्ही जाऊ नये असं आम्हाला वाटते. दुसरं काही म्हणायचं नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, पिंटूभाऊंनी भाषण संपेपर्यंत लाइन ठेवली, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते सोडून द्या. आमच्या हातून खरी चूक एकच झाली, आम्ही पास झालो. मॅडम, तेवढी पोटात घाला.