तिसऱ्या वळणाचं पाणी

फोरमन : …आणि मी काही तुझ्या वाईटावर नाही. उस्ताद, तुम्हीच सांगा हिला. बाप म्हणून सांगा. एवढी एक सही केली की विषय संपला.

ड्रायव्हर : कुणाचा संपला, साहेब? तुमचा की माझा?

फोरमन : बघा, आता साहेब म्हणते. परवापर्यंत काका होतो.

ड्रायव्हर : परवापर्यंत तुम्ही माझ्यासमोर असला कागद सरकवला नव्हता.

उस्ताद : आण इकडे. काय लिहिलंय? चष्मा घरी राहिला माझा. तूच वाच, बारक्या.

फोरमन : उस्ताद, इथे तरी बारक्या नको. बाहेर फिटर ऐकतात. पन्नाशी उलटली माझी.

उस्ताद : माझ्या हाताखाली होतास तेव्हा बारक्याच होतास. वाच.

फोरमन : 'चढाच्या मार्गावर चालकाने तापमानाच्या काट्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे इंजिन तापले व गाडी एक्केचाळीस प्रवाशांसह बंद पडली.' खाली सही. बस, एवढंच.

ड्रायव्हर : एवढंच नाही, बाबा. हा माझा तिसरा शेरा. तीन झाले की स्टिअरिंग सुटलं आणि मी तिकिटाच्या खिडकीत. ते त्यांनी वाचलं नाही, कारण ते लिहिलेलं नाही. ते डेपोत सगळ्यांना पाठ आहे.

फोरमन : खिडकीत वाईट काय आहे गं? डोक्यावर पंखा आहे, घरी वेळेवर जाशील…

ड्रायव्हर : मग तुम्ही बसा. मी फोरमन होते.

उस्ताद : जीभ आवर. मला नीट सांग. गाडी तापली ना?

ड्रायव्हर : तापली.

उस्ताद : काट्याकडे लक्ष होतं?

ड्रायव्हर : काटा लालाला टेकायच्या आत बाजूला घेतली. गाडी बंद पडली नाही, मी बंद केली. माणसं उतरवली, सावलीत बसवली, दुसरी गाडी मागवली. एक गृहस्थ म्हणाले, बाई चालवतेय म्हटल्यावर हे व्हायचंच. म्हटलं, इंजिनाला बाई-बुवा काही कळत नाही, तुम्ही पाणी प्या.

फोरमन : बोलायला ऐकणार नाहीस तू कुणाला. पण मला सांग, चढावर आपल्या अकरा गाड्या आहेत. दहांच्या वहीत तापण्याची एक ओळ नाही. तुझीच बरी तापते?

ड्रायव्हर : अकराही तापतात. लिहिते मी एकटी.

फोरमन : हे बोलणं झालं.

ड्रायव्हर : हे बोलणं झालं? प्रत्येक गाडीत सीटखाली पाण्याचे दोन कॅन कशाला असतात मग? ड्रायव्हर काय आंघोळ करतात? तिसऱ्या वळणावर गाडी लावायची, लोकांना सांगायचं, पाय मोकळे करून घ्या, दहा मिनिटं इंजिन निवू द्यायचं, वरून पाणी ओतायचं आणि निघायचं. वहीत लिहायचं, 'गाडी ठीक'.

उस्ताद : तिसऱ्या वळणाचं पाणी. ते माझ्या वेळेपासून आहे.

ड्रायव्हर : माहीत आहे. मीही दोन वर्षं ओतलं. मग एके दिवशी वाटलं, ज्या गाडीला रोज अर्ध्या वाटेत पाणी पाजावं लागतं ती ठीक कशी? आजारी आहे की ती. त्या दिवसापासून लिहायला लागले. लिहिणारी मी, म्हणून तापवणारीही मीच.

फोरमन : तुला वाटतं आम्ही बघितलं नाही? सगळं बघितलं. काही सापडलं नाही. मग राहिलं कोण? चालक.

उस्ताद : काय काय बघितलं?

फोरमन : म्हणजे कसं आहे, उस्ताद, सगळंच आपलं…

ड्रायव्हर : मी सांगते. सोमवारी सुट्टी होती माझी, दिवसभर गाडीखाली होते. पट्टा ताणलेला, झिजलेला नाही. पंखा नीट फिरतो. रेडिएटर बाहेरून धुतलं, कचरा नाही.

उस्ताद : आतून?

ड्रायव्हर : काढून वरून पाणी सोडलं, खालून धबाधबा आलं. कुठे चोंदलेलं नाही.

उस्ताद : बुडबुडे? गार असताना झाकण काढून इंजिन चालू करून बघितलंस?

ड्रायव्हर : बघितलं. एक बुडबुडा नाही. हेडचं गॅस्केट शाबूत आहे. पाण्याला तेलाचा तवंग नाही. पंपही पाणी ढकलतोय.

उस्ताद : मग तापायला कारण नाही.

फोरमन : मी तेच म्हणतोय ना.

ड्रायव्हर : तुम्ही लहानपणी मला काय सांगायचात, बाबा? काटा खोटं बोलेल, हात बोलणार नाही.

उस्ताद : हं.

ड्रायव्हर : परवा चढावर गाडी थांबवली तेव्हा इंजिन चालूच ठेवलं थोडा वेळ आणि बॉनेट उघडून हात लावत गेले. रेडिएटरची खालची नळी कोमट. इंजिन उकळतंय आणि ही कोमट. म्हणजे पाणी रेडिएटरमध्ये नावापुरतंच जातंय. मग जातंय कुठे? तर इंजिनाच्या डोक्यावरून पंपाकडे परत येणारा तो छोटा पाइप आहे ना, त्याला हात लावला. हे बघा.

फोरमन : अगंबाई. हे त्या दिवशी दाखवलं नाहीस.

ड्रायव्हर : तुम्ही कागद दाखवलात, मी हात काय दाखवू?

उस्ताद : छोट्या पाइपने भाजला?

ड्रायव्हर : छोट्या. सगळं पाणी तिथूनच आखूड रस्त्याने फिरतंय. निवायला जातच नाही. सपाटीवर चालून जातं, चढ लागला की संपलं.

उस्ताद : बारक्या, नव्या गाड्यांना हा छोटा पाइप आहे. जुन्यांना होता का रे?

फोरमन : नव्हता. जुन्यांना एकच रस्ता होता, सरळ रेडिएटर.

उस्ताद : हं.

फोरमन : काय झालं, उस्ताद? बसा ना. चहा सांगू?

उस्ताद : चहा नको. लॉकची पकड आहे का तुझ्याकडे? ती दे. आणि हिची गाडी बाहेर काढायला सांग.

फोरमन : अहो, ती गाडी उभी करून ठेवलीय, चौकशी आहे…

उस्ताद : चौकशीच करायला चाललोय. तूही चल. तो कागद घे बरोबर.

(रिकामी बस चढावर. बॉनेट ड्रायव्हरच्या शेजारीच, आतल्या बाजूला. उस्ताद त्याला टेकून उभे, फोरमन पहिल्या सीटवर कागद मांडीवर घेऊन.)

फोरमन : पहिलं वळण झालं. काटा मधेच आहे. बघ, तापत नाही.

ड्रायव्हर : गाडी रिकामी आहे. धीर धरा.

उस्ताद : तिसऱ्यातच ठेव. गिअर बदलू नकोस.

ड्रायव्हर : इंजिन ओरडेल.

उस्ताद : ओरडू दे. एक्केचाळीस माणसं चढलीत असं समज.

फोरमन : चढला… चढतोय हो. उस्ताद, काटा चढतोय.

ड्रायव्हर : आता सांगा, मी कुठे दुर्लक्ष करतेय? तुम्ही दोघं बघताय, मी बघतेय. सहा डोळे आहेत काट्यावर. खाली येतोय का?

फोरमन : थांबव बाई, थांबव. लालाला टेकेल.

उस्ताद : घे बाजूला. इंजिन बंद करू नकोस. बॉनेट उघड.

ड्रायव्हर : पकड द्या इकडे. छोटा पाइप आवळला की पाण्याला तो रस्ता बंद. रेडिएटरमधून गेल्याशिवाय सुटका नाही त्याची.

उस्ताद : तू सर. एकदा भाजलीस ना. मी लावतो.

ड्रायव्हर : बाबा, तुम्हाला आधीच कळलंय. डेपोच्या केबिनमध्येच कळलं.

उस्ताद : फडकं दे… हं. बसली. आता दोन मिनिटं थांब. मग काढ गाडी, त्याच गिअरमध्ये.

फोरमन : मला कुणी काही सांगणार आहे का?

ड्रायव्हर : काटा बघा आणि गप्प बसा, काका.

फोरमन : काका म्हणाली. म्हणजे काहीतरी बरं होणार. अरे… अरे, उतरतोय की. चढावर उतरतोय? उस्ताद, मी आयुष्यात चढावर काटा उतरताना बघितला नाही.

ड्रायव्हर : ते बघा पुढे. तिसरं वळण. आपली सात नंबर उभी आहे. कॅन घेऊन ओततोय बिचारा. आज मी थांबत नाही. चांगला लांबलचक हॉर्न देते.

उस्ताद : हॉर्न देऊ नकोस.

ड्रायव्हर : का? दोन वर्षं हसलेत सगळे मला. वहीवाली बाई म्हणतात.

उस्ताद : नको देऊस. त्याच्या गाडीचाही मीच काढलाय.

फोरमन : काय काढलाय?

उस्ताद : व्हॉल्व. पाण्याचा व्हॉल्व. विसरलास? तुझ्याच हातात देत होतो काढून. फडताळात त्यांचाच पत्र्याचा डबा भरलाय ना?

फोरमन : आहे की. पण ते तर आपण… तुम्हीच शिकवलंत. नवी गाडी आली की आधी व्हॉल्व काढा, अडकला तर इंजिन जातं.

उस्ताद : जुन्या गाड्यांत अडकायचा. काढला की गाडी बरी चालायची. तेव्हा ते बरोबर होतं. पण नव्यांचा व्हॉल्व दोन कामं करतो. इंजिन तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि ह्या छोट्या पाइपचा बंद करतो. व्हॉल्वच नाही म्हटल्यावर हा रस्ता सताड उघडा. नव्या गाड्या आल्या त्या वर्षी पहिला व्हॉल्व मी काढला. पुस्तक आलं होतं गाडीबरोबर. मी म्हटलं, मला पुस्तक काय शिकवणार.

ड्रायव्हर : वरचा थांबा आला. काटा मधे आहे. बघून ठेवा दोघांनी.

फोरमन : बघितला. आता ह्या कागदाचं काय करू?

ड्रायव्हर : मी सही करणार नाही. आधीही करणार नव्हते, आता तर नाहीच.

फोरमन : नको करूस. मी असं लिहितो, 'व्हॉल्व नसल्याने इंजिन तापले. चालकाचा दोष नाही.' कुणी काढला ते कशाला? बरीच वर्षं झाली. कुणीतरी काढला.

ड्रायव्हर : हां, तसं लिहा. तेवढं पुरे.

उस्ताद : कुणीतरी म्हणजे कोण?

ड्रायव्हर : बाबा, राहू द्या. माझा शेरा गेला, झालं. तुमचं नाव ह्या डेपोत अजून लोक आदराने घेतात. ते कागदावर कशाला हवं?

उस्ताद : एक्केचाळीस माणसांना वाटेत उतरवून तू खरं लिहिलंस. तिघांत मी एकटा खोटा कशाला? लिही, बारक्या. माझं नाव लिही. माझ्या हातचं काम आहे ते, बेवारशी नाही.

फोरमन : उस्ताद, माझा हात उठत नाही हो.

उस्ताद : मग पेन हिच्याकडे दे. हिला लिहायची सवय आहे.

ड्रायव्हर : नाही. तुमच्याविरुद्ध मी लिहिणार नाही.

उस्ताद : माझ्याविरुद्ध कुठे? गाडीच्या बाजूने लिही. चष्मा असता तर मीच लिहिलं असतं. सही माझी मी करतो, ती डोळे मिटून येते.

ड्रायव्हर : 'नव्या गाड्यांचे व्हॉल्व काढण्याची पद्धत…'

उस्ताद : पद्धत नको. 'मी काढले.' दोन शब्द.

ड्रायव्हर : …'मी काढले.' इथे करा सही. इथे, माझ्या बोटाशी.

फोरमन : आता खाली जाऊन डबा उघडायचा आणि अकराही गाड्यांना परत बसवायचे. आधी एकेक उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघावं लागेल, पडून पडून गंजलेही असतील. दोन दिवस तरी जातील, उस्ताद.

उस्ताद : माझे जाऊ देत. घरी काय करतोय मी? तोवर कॅन गाडीतच असू देत.

ड्रायव्हर : हात दुखतोय माझा. पण गाडी मीच खाली नेणार, आधीच सांगते.

उस्ताद : कोण नाही म्हणतंय? बारक्या, अजून एक पकड आहे?

फोरमन : पिशवीत आहे. कशाला?

उस्ताद : दे. काढ गं गाडी. सात नंबर अजून निवत असेल. मला तिसऱ्या वळणावर उतरव.