आपल्या माणसाईतलं दुकान

माह्यं माहेर नरखेडच्या पलीकडचं अन् सासर नरखेडच्या अलीकडचं, म्हणजे माह्यी सारी जिंदगी एका एसटीच्या तिकिटात बसते पाहा भाऊ. बापाचा संत्र्याचा बगीचा, सासऱ्याचाही बगीचाच, तवा लग्न ठरवतानी बापानं पोरगा कमी पाह्यला अन् झाडं जास्त पाह्यली. नवरा कसा निंघाला ते नका विचारू, झाडं चांगली निंघाली. सुमन नाव माह्यं, पण गावात त्या नावानं कोणी हाक मारत नाई, मोठी बाई म्हणतात, काहून का घरात मी मोठी सून अन् वनिता लहानी. वनिता म्हणजे माह्या देराची बायको, माह्यी जाऊ. भांडलो आम्ही लय, पण ते चुलीवरचं भांडण, संध्याकाळी भाकर थापाले बसलो का इरून जाये.

वनिताच्या वाट्याले इहिरीच्या मागचा तुकडा आला होता, निरा मुरमाड. कोणी म्हणे तिथं काई होत नाई. तिनं तिथं संत्र्याच्या कलमा लावल्या अन् पह्यल्या उन्हाळ्यात डोक्यावर घागर घेऊन एकेका झाडाले पाणी घातलं. देर माणूस चांगला, पण खाटेवरचा चांगला. झाडं तिचीच. तिची पोरगी लहान होती तवा गावात म्हणत, वनिताले एक पोरगी अन् बाकी सारे पोरं मुरमात उभे आहेत. ते झाडं फळावर आले तवा ती रडली होती, मी पाह्यलं, अन् मले म्हणे डोळ्यात काई गेलं.

आता आमच्याकडं संत्रं कसं विकतात तेही सांगतो, नाईतं तुम्हाले पुढचं समजणार नाई. आम्ही संत्रं नाई विकत, बगीचा विकतो. व्यापारी येते, फटफटी बांधावर लावते, एक चक्कर मारते, वर पाह्यते, खाली पाह्यते, तोंड वाकडं करते, अन् सांगते एवढ्यात देऊन टाका. इसार, म्हणजे आगाऊचा पैसा, हातावर ठेवला का झालं. तोडणारे माणसं त्याचे, कॅरेट त्याचे, गाडी त्याची. झाडावरचं फळ झाडावरच परकं होते. आपलं संत्रं कोणत्या गावाले जाते, कोण खाते, आम्हाले काईच माहीत नाई.

मंग मॅडम आली. केस बारीक कापलेले, पायात बूट, पण बोलणं आपल्यावाणीच, नागपूरचीच पोरगी. ती एका संस्थेत होती, अन् तिनं कितीक वर्षं आफ्रिकेत काढले होते. तिथं लहान लहान शेतकरी असतात म्हणे, आपल्यासारखेच, बांधाएवढ्या शेतीचे, त्याहीचा माल मोठ्या बाजारापर्यंत नेऊन द्याचं काम ती करे. तेच काम तिले आता इकडं कराचं होतं. आमचा बायाईचा बचत गट होताच. तिनं आम्हाले नागपूरले रामदासपेठेत ऑफिसात नेलं, रस्त्यानं निरे दवाखानेच दवाखाने, माह्या बाजूची म्हणे बाई, आपल्याले भरती कराले आणलं काय. एसी इतका का साऱ्याजणी पदर घट्ट घेऊन बसलो.

भिंतीवर पिच्चर लावला. लाल माती, एक बाई डोक्याले रुमाल बांधून फळं निवडून राह्यली. हिरवं फळ, आत लोण्यावाणी असते म्हणे. मोठं एका बाजूले, लहान एका बाजूले, डाग असलेलं मांग. हात असे चालत होते का मी म्हटलं ही आपल्याच इकडची असन. ग्रेस नाव तिचं. मॅडम म्हणे हिच्या गावातही व्यापारी सायकलीवर येये अन् सांगन तो भाव देऊन जाये, मंग ह्या बायाईनं माल एक केला, शहरात नेला, सोता इकला, आता घरावर टिनं आहेत अन् पोरी शाळेत जाऊन राह्यल्या. वनिता माह्या कानात म्हणे, बाई, तिच्या टाचा पाहा, आपल्यासारख्याच भेगा.

मॅडमनं मंग तोंड दिसते तसा फोन लावून देल्ला. इकडून आम्ही दहा बाया एकदम बोलून राह्यलो, तिकडून ती हासून राह्यली, मधात मॅडम आमचं तिले अन् तिचं आम्हाले सांगून राह्यली. ग्रेसनं विचारलं दुकान कुठी घालता. मी छाती काढून सांगतलं, नागपुरात हुडकेश्वरले घालतो, तिथं सारे आमचेच लोक आहेत, काटोलचे, नरखेडचे, मास्तर, कंडक्टर, तलाठी, पेन्शन झाली का लेआउटात प्लॉट घेऊन घरं बांधून राह्यले. आपलं माणूस आपलं संत्रं नाई घेईन तं कोण घेईन. मॅडमनं तिले ते सांगतलं. तं ती बोलली, आमचं दुकान जिथं आम्हाले कोणीच ओळखत नाई तिथं आहे.

काय सांगू तुम्हाले, आम्हाले तिची इतकी कीव आली. वनिता तं येतानी एसटीत सारा रस्ता तेच बोले, का बिचारी, एवढ्या मोठ्या शहरात तिचं एक माणूस नाई, तहान लागली तं कोणाच्या घरी पाणी पेत असन.

त्या वर्षी इहिरीचं पाणी खाली गेलं होतं. इहीर खोल नाई केली तं उन्हाळा निंघत नाई, हे आंधळ्यालेही दिसे. वनिताचा हिशेब सरळ होता, औंदाचं फळ इकलं का इहीर खोल कराची, झाडं वाचवाची. व्यापारी आला, तोंड वाकडं करून भाव सांगतला. भाव कमी होता, पण एकाच वेळी हातात येणार होता. वनितानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मी म्हटलं, दुकान आहे ना आपलं. तिनं इसार वापस केला. व्यापाऱ्यानं फटफटी फिरवली अन् गेला, अन् आमच्याकडं असा गेलेला व्यापारी त्या वर्षी वापस येत नाई.

दुकान म्हणजे हुडकेश्वरले संस्थेनं भाड्यानं घेतलेलं एक शटर, नारळ फोडला, हार घातला. टेम्पोतून कॅरेट उतरून राह्यलो तं पह्यलेच आले मास्तर. माह्या पोराले चौथीत शिकवलेले मास्तर. त्याहीनं संत्रं हुंगलं, डोळे मिटले, म्हणे वा, आपल्या मातीचा वास. खिशात हात घातला. आता तुम्हीच सांगा भाऊ, औंदाचं पह्यलं फळ, अन् मी मास्तरकून पैसे घेऊ? शेतातलं नवं निंघालं, मंग तुरीच्या शेंगा असो का हुरडा असो का संत्रं, ते आपल्या माणसाच्या घरी जाते, त्याले वानोळा म्हणतात, अन् वानोळ्याचे पैसे घेत नाईत. घेतले तं लोक काय म्हणतीन. मी म्हटलं मास्तर, लाजवता काय, अन् थैली भरून देली.

मंग माह्या माहेरच्या शेजारची लेक आली, ती इथं देल्ली होती हे मले माहीतच नाई. मंग देराच्या मामसासऱ्याचा साळा. मंग गटातल्या एकीची नणंद, ती सोबत तिच्या घरमालकिणीले घेऊन आली, आता नणंदेले वानोळा अन् घरमालकीण पाह्यत उभी, तिले काय तोंडानं भाव सांगाव? अन् एखादा बिनओळखीचा आलाच, तं तो थैली धरल्याबरोबर विचारे, बाई, गाव कोणतं. गाव सांगतलं का निंघालीच ओळख. चारपाच दिवसात मले समजलं का हुडकेश्वरात परकं माणूस भेटणं मुश्कील आहे.

पण कोणी फुकट मागितलं नाई. हे नीट लिहून ठेवा भाऊ, कोणीच मागितलं नाई. लोक नोटा काढत, आम्ही त्याहीची मूठ दाबून वापस करो. अन् ते लोकही आपलेच ना, थैली रिकामी कशी वापस करतीन. कोणी साखर घालून धाडे, कोणी पोहे, कोणी ब्लाउजपीस. संत्र्याच्या फळीवर ब्लाउजपीसाची थप्पी लागली. मॅडम एक दिवस आली, फळीकडं पाह्यलं, खाली बसली अन् डोकं धरलं. म्हणे मावशी, हे काय आहे. म्हटलं वापस आलेलं आहे.

तिनं पाटी लावली, एकच भाव म्हणून. आम्ही मुंड्या हलवल्या. पाटीखाली बसून तेच केलं. मंग ती म्हणे दुकान शहराच्या दुसऱ्या बाजूले नेऊ, जिथं तुमचं कोणी नाई. साऱ्याजणी नाई म्हटल्या. तिथं आम्हाले पाणी कोण देईन, ऊन लागलं तं बसाले कोण म्हणन. अन् बोलतानी, खरं सांगतो, मले ग्रेसचं ते बोलणं आठवलं, पण नाई म्हणणाऱ्यात मीही होती.

एकटी वनिता काय ती दगडासारखी. म्हणे मोठी बाई, आता गल्ल्यावर मी बसतो. अन् बसली. मास्तरकून पैसे घेतले, मामसासऱ्याच्या साळ्याकून घेतले, लोक चाट पडले, आमच्या बायाही तिच्यावर गुरगुरल्या. मले वाटलं आता इहीर होते. मंग एका दुपारी तिची वहिनी आली. सख्ख्या भावाची बायको, अन् भावासंग बोलणं बंद होतं कितीक वर्षांपासून, बापाच्या वावरावरून बिनसलं होतं. वहिनी लाजत लाजत उभी राह्यली, म्हणे इथून चाललो होतो, हे बाहेर गाडीवर उभे आहेत. वनिता उठली. लहान थैली बाजूले ठेवली, मोठी घेतली, अन् वरचे वरचे निवडून, सोताच्या झाडाचे, एक एक पुसून भरले. वहिनीनं पैसे पुढं केले तं हिनं तिच्या तोंडाकडं पाह्यलंच नाई, बाहेर गाडीकडं पाह्यत होती. भावानं तिथूनच हात वर केला.

एसटीत ती खिडकीले डोकं लावून बसली होती. म्हणे, मोठी बाई, मी तिच्याकून पैसे घेतले असते तं मले माहेर राह्यलं असतं काय?

मले सांगता आलं असतं का इहीर राह्यली असती. नाई सांगतलं. त्या दिवसानंतर तीही देऊ लागली, आमच्यापेक्षा जास्त देऊ लागली.

झाडावरचं उरलं फळ गळाले लागलं. व्यापाऱ्याले निरोप धाडला, तो म्हणे फुटका बगीचा घेत नाई, अर्धा तोडलेला. खरं होतं त्याचं. संस्थेचं काम सरलं, मॅडमनं शटरची चाबी घरमालकाले देल्ली, जातानी माह्या पाया पडली अन् रडली, आता कुठी असते माहीत नाई, आफ्रिकेतच गेली असन. ब्लाउजपीस आम्ही वाटून घेतले. उन्हाळ्यात इहिरीत निरा गाळ राह्यला. वनितानं पुन्हा घागर घेतली, पण तवा ते झाडं गुडघ्याएवढे होते, आता डोक्याच्या वर गेलेले, घागरीनं काय होते. पह्यले पानं वळले, मंग वरून फांद्या वाळत आल्या. पावसाच्या अगोदर आरा मशीनवाले आले. ती घरात बसून राह्यली, आवाज ऐकत. माणसं चहा मागाले आली तं तिनं चहा करून देल्ला.

तिथं आता कपाशी आहे, मुरमात जशी होते तशी. पोरगीले नर्सिंगले घालाचं होतं, ते पैशापायी राहून गेलं, तिचं लग्न लावून देल्लं. लग्नाले मामा आला, बोहल्याजवळ उभा राह्यला, हे एक झालं. वनिता कोणाले दोष देत नाई, मलेही नाई, अन् तेच मले सहन होत नाई. वाटते तिनं एक डाव भांडाव, पह्यलेवाणी, चुलीवर.

मी आता इथं पोराजवळ राह्यतो, हुडकेश्वरलेच, तो एका कंपनीची गाडी चालवते. दुकानाच्या शटरात मोबाईलवाला बसते. त्याच्यापुढंच हातगाडी उभी राह्यते संत्र्याची, परगावचा माणूस आहे, त्याचं गाव कोणी विचारत नाई. मास्तर त्याच्याकून मोजून संत्रे घेतात, भाव करतात, पैसे देतात. मले पाह्यलं का लांबूनच हात जोडतात, म्हणे सुमनबाई, औंदा तुमच्याकडचा वानोळा नाई आला. मी म्हणतो, येईन मास्तर, येईन.

लोक चांगले आहेत भाऊ, त्याहीचं काई चुकलं नाई. अन् मले उद्या पुन्हा शटर देल्लं, तं मी मास्तरकून पैसे घेईन काय? नाई घेणार, मले माहीत आहे. म्हणून आता कोणी नवी संस्था आली, बाया बोलवाले आल्या, का मी दुसऱ्या खोलीत जाऊन पडतो. पण संध्याकाळी दिवा लावतानी कवा कवा त्या ग्रेसचं तोंड डोळ्यापुढं येते, रुमाल बांधलेलं. तवा मी दिव्याले हात जोडतो अन् तिच्यासाठी मागतो, का बाप्पा, त्या मोठ्या शहरात तिले ओळखीचं एकही माणूस नको भेटू देऊ.