पडदा धरणारी

बायको : म्हणजे इतका वेळ त्या समुपदेशक बाईसमोर बसून तुम्ही माझ्याबद्दल बोललात?

मास्तर : तुझ्याबद्दल नाही गं. पडद्याबद्दल.

बायको : आणि पडदा धरतं कोण? तुम्ही कपड्यांच्या मापाच्या खोलीत शिरलात की पडदा बंद होऊ नये म्हणून तो मुठीत घेऊन बाहेर मी उभी. गिऱ्हाइकं कुजबुजतात, मास्तरांची बायको भारी संशयी म्हणून. तेही ऐकून घेतलं.

मास्तर : तेच सांगितलं तिला. पडदा बंद झाला की छाती धडधडते, बोटं सुन्न होतात, वाटतं आता मरतोच.

बायको : मला नुसतं ‘धर’ म्हणायचात. तिला अख्खी कहाणी!

मास्तर : ती विचारते.

बायको : मी नाही विचारलं?

मास्तर : विचारायचीस. आणि उत्तर यायच्या आत पाणी आणायला धावायचीस.

बायको : घ्या, पाणीही चुकलं. बरं, काय म्हणाली?

मास्तर : चिडशील.

बायको : चिडलेलीच आहे, बोला.

मास्तर : झटका येतो तसा आपोआप ओसरतो म्हणाली. पण पडदा उघडा होता, तू होतीस, म्हणून वाचलो असं मला वाटत राहतं. मग भीती जायचं नावच घेत नाही.

बायको : थोडक्यात, दुखणं मी पोसलं.

मास्तर : असं नाही म्हणाली.

बायको : मऊ शब्दांत म्हणाली असेल, शिकलेली आहे. स्वतःच्या बाहीची शिवण उसवलीय, दारातून पाहिली मी, आणि लोकांची मनं रफू करायला बसलीय.

मास्तर : तू बाही बघत होतीस?

बायको : बघणार नाही? तिथून येताना तुम्ही शीळ घालता. लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याला कधी शीळ आली नाही.

मास्तर : अगं, ती माझ्या मावशीच्या वयाची आहे!

बायको : वयाचं काय घेऊन बसलात? परवा डोळे लाल करून आलात. माझ्यासमोर रडलात कधी?

मास्तर : तुझ्यासमोर रडलो असतो तर तूही रडली असतीस. मग दुकान कोणी उघडायचं?

बायको : हे बोलायला तिनं शिकवलं?

मास्तर : हे माझं आहे.

बायको : हं.

मास्तर : ऐक. आत्ता वकीलसाहेब येतील कोटाच्या मापाला. पडदा बंद करून घेणार आहे. आणि माप होईपर्यंत तू दुकानात नको.

बायको : मी नको?

मास्तर : समोर चष्मेवाल्याकडे जाऊन बस जरा.

बायको : आणि आत कोसळलात तर? वकील धरणार? त्याला स्वतःची फाइल धरवत नाही.

मास्तर : कोसळत नाही कोणी. लाट येते, थांबायचं, जाते.

बायको : लाट! हा तिचा शब्द. तुम्ही ‘घाबरं होतंय’ म्हणायचात.

मास्तर : आत्ताही होतंय. बघ, हात गार पडलेत.

बायको : द्या इकडे.

मास्तर : नको. तू धरलास की बरं वाटेल.

बायको : मग वाटू दे की!

मास्तर : आज नको.

बायको : आले तुमचे वकील. टेप गळ्यातच आहे, शोधत बसू नका. जाते मी.

(पडदा ओढला जातो. आतून मापाचे आकडे ऐकू येतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. वकील गेल्यावर ती आत येते.)

बायको : छातीच्या मापाला थांबलात.

मास्तर : तू चष्मेवाल्याकडे होतीस ना?

बायको : पायरीवर होते. का थांबलात?

मास्तर : घाबरं झालं. टेप त्यांच्या छातीभोवती, आणि मी पुतळा. वकील म्हणाले, मास्तर, श्वास सोडू का? म्हटलं, सोडा, मीही सोडतो.

बायको : आणि?

मास्तर : ओसरलं. पडदा बंदच होता.

बायको : मला हाक मारावीशी वाटली?

मास्तर : वाटली ना. ओठांपर्यंत आली होती.

बायको : मग?

मास्तर : गिळली.

बायको : ती हाक माझी. एवढं मात्र तिला सांगू नका.