भुवईवरचे तीन टाके

नणंद : माझ्या पिशवीत हात घालायचं कारण कळेल का मला?

भावजय : ओले रुमाल शोधत होते, ताई. भिंगरीनं झोपायच्या आधी नारळपाणी अंगावर सांडून घेतलं. रुमाल नाही मिळाले. हे मिळालं.

नणंद : लसीचं कार्ड आहे ते.

भावजय : माझ्या लेकीचं लसीचं कार्ड. घरी पलंगाच्या खालच्या खणात असतं, निळ्या पाकिटात. चार दिवसांच्या सामानाची यादी मी स्वतः केली. त्यात हे नव्हतं.

नणंद : लहान मूल घेऊन बेटावर यायचं म्हणजे असू द्यावं जवळ. चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत मी. नर्सला कोणी असले प्रश्न विचारत नाही.

भावजय : बरं. आणि हे स्वेटर? दोन आहेत. लोकरीचे. बाहेर माडाची झावळीसुद्धा हलत नाहीये, घामानं माझी पाठ खुर्चीला चिकटलीय आणि तुमच्या पिशवीत स्वेटर. मापही बघितलं मी. भिंगरी अडीच वर्षांची आहे. हे साडेतीन वर्षांच्या पोरीला होतील.

नणंद : मापं घेण्यात तुझा हात कोण धरणार! कालपासून बघतेय. दाराला टेप लाव, न्हाणीघराला टेप लाव, उताराला टेप लाव.

भावजय : नकाशे काढण्यावर पोट आहे माझं, ताई. आणि उगाच नाही लावली टेप. हॉटेलवाल्यानं फोटोत दाखवलेला उतार कसा सपाट दिसत होता! इथं माझी चाकांची खुर्ची वर ढकलायला दोन माणसं लागली. फोटोवर भरवसा ठेवला की तोंडघशी पडायची वेळ येते. माणसांचंही तसंच.

नणंद : सरळ बोल. टोमणे नकोत.

भावजय : सरळच विचारते. परतीच्या बोटीतून उतरल्यावर भिंगरी कोणाबरोबर जाणार आहे? आमच्याबरोबर, की तुमच्याबरोबर?

नणंद : हळू. पोर झोपलीय आत.

भावजय : हळूच बोलतेय मी. आमच्याकडे बारा महिने स्वेटर लागत नाही. थंडी पडते ती तुमच्या गावाला.

नणंद : त्यानं तुला काहीच सांगितलं नाही?

भावजय : तुमच्या भावानं एवढंच सांगितलं, ताई येतेय, मदत होईल. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला चार वर्षं झाली, तुम्ही कधी सलग दोन दिवस आमच्याकडे राहिला नाहीत. आणि एकाएकी समुद्र बघायची हौस? तुम्हाला तर बोट लागते. काल धक्का येईपर्यंत तोंडावरचा रुमाल काढला नाहीत.

नणंद : माझी मळमळ माझ्यापाशी. तुझं पुढचं काय आहे ते बोल.

भावजय : घर सोडल्यापासून पोर तुमच्याच कडेवर. विमानात मला त्या अरुंद खुर्चीत बांधून आत नेलं, तेव्हा तुमच्या कडेवर. बोटीच्या फळीवरून दोन खलाशांनी मला खुर्चीसकट उचललं, तेव्हाही. नवरा बाजूला उभा, हात खिशात. आणि मी तिला हात लावला रे लावला, की तुमची नजर माझ्या हातांवर. सकाळी आंघोळ घालत होते तर तुम्ही दारात उभ्या, टॉवेल द्यायला म्हणून. टॉवेल आतच होता, ताई.

नणंद : बघत होते. नाही कशाला म्हणू? बघायलाच आलेय मी.

भावजय : कोणाच्या सांगण्यावरून?

नणंद : तुझ्या नवऱ्याच्या. मीच म्हटलं होतं त्याला, पोर सहा महिने माझ्याकडे राहू दे. जरा कळती होईल, हाक मारली की थांबायला शिकेल, मग न्या. खोली रिकामी करून ठेवलीय मी. तर तो म्हणाला, आधी सहलीला चल. चार दिवस डोळ्यांनी बघ. मग ठरवू.

भावजय : मग ठरवू?

नणंद : हेच शब्द.

भावजय : आणि कार्ड?

नणंद : त्यानंच दिलं, विमानतळावर. तुझी खुर्ची तपासायला नेली होती तेव्हा. 'असू दे तुझ्याजवळ,' म्हणाला.

(आत भिंगरी कूस बदलते. दोघी दाराकडे बघत राहतात. पोर पुन्हा शांत होते.)

भावजय : लग्नाआधी तुम्ही मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतंत, मूल झालं तर उचलशील कशानं.

नणंद : आणि तू म्हणालीस, हातांनी.

भावजय : मग? उचललं की नाही?

नणंद : उचललंस. माझ्या शेजारणींना विचार, त्यांचे कान किटलेत तुझं कौतुक ऐकून. पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

भावजय : कुठल्या दिवसापासून?

नणंद : नको आता ते. दोन महिने तुला एका शब्दानं बोलले नाही मी. होतं. धडधाकट आयांच्या हातूनही होतं, वॉर्डात ढिगानं पाहिलंय. पण भुवईवर तीन टाके गं! बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता पोरीचा.

भावजय : भिंगरी पडली, त्याबद्दल बोलताय?

नणंद : मग आणखी कशाबद्दल?

भावजय : त्यात माझा काय संबंध?

नणंद : संबंध? तुझ्या मांडीवरून पडली ना ती?

भावजय : काय?

नणंद : पट्टा लावला नसशील, किंवा ढिला राहिला असेल…

भावजय : थांबा, ताई. एक मिनिट थांबा. शनिवार होता तो. ऑफिसात एका शाळेचे नकाशे पाठवायचे होते. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत मी टेबलापाशी होते. जेवलेसुद्धा तिथंच. घरी आले तर भिंगरीच्या कपाळाला पट्टी, आणि हा भिंतीला टेकून बसलेला. सोफ्यावर उड्या मारताना पडली, म्हणाला.

नणंद : सोफ्यावरून?

भावजय : सोफ्यावरून. मीच त्याची समजूत काढली. म्हटलं, मुलं पडतातच, एवढं काय मनाला लावून घेतोस.

नणंद : अगं, पण मला त्याचा फोन आला तो दुपारी दीडला. 'ताई, रक्त थांबत नाही.' मीच सांगितलं, स्वच्छ फडकं दाबून धर आणि पळ दवाखान्यात.

भावजय : दुपारी दीडला मी घरात नव्हते.

नणंद : म्हणजे…

भावजय : म्हणजे आपल्यापैकी एकीशी तो खोटं बोलला. किंवा दोघींशी.

नणंद : तो तसा नाही. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडली, तर स्वतः जाऊन सांगून आला होता.

भावजय : विचारा मग त्यालाच. तो बघा येतोय.

नवरा : मिळाली बुवा एकदाची! वाळूत चालणारी खुर्ची. चाकं बघ, भोपळ्याएवढी! धक्क्यावरच्या माणसानं तासभर ताटकळत ठेवलं. आधी म्हणे नाहीच, मग म्हणे आहे पण हवा नाही. आता हॉटेलच्या माणसानं इथवर ढकलून दिली. चला, भिंगरीला उठवा, पाण्यापर्यंत जाऊ… काय झालं? अशा का बसलात दोघी?

भावजय : बस.

नवरा : भिंगरी ठीक आहे ना?

भावजय : झोपलीय. बस म्हटलं ना.

नणंद : भिंगरी कुठून पडली रे?

नवरा : कधी?

नणंद : किती वेळा पडलीय?

नवरा : म्हणजे… ते होय. आता सहलीला आलोय, तर कशाला ते जुनं…

भावजय : सोफ्यावरून की मांडीवरून?

नवरा : ताई, तू हिला…

भावजय : त्यांच्याकडे नको बघू. माझ्याकडे बघ. सोफ्यावरून की मांडीवरून?

नवरा : माझ्या हातातून.

नणंद : देवा.

नवरा : कडेवर घेतलं होतं. दूध तापत होतं, ओट्यापाशी उभा होतो. आणि उजवा हात… हातच नव्हता. होता, पण मला कळत नव्हता. ती सरकली तेही कळलं नाही. ओट्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं.

नणंद : हात इकडे कर. ही बोटं माझ्या मुठीत दे. दाब. जोरात. अरे, दाब ना!

नवरा : दाबतोय, ताई.

नणंद : कधीपासून आहे हे?

नवरा : चार महिने झाले असतील. दुकानात आधी चिमटा पडायचा. मग स्क्रू. घड्याळाचा स्क्रू एकदा पडला की सापडत नाही. गुडघ्यावर बसून लोहचुंबक फिरवत राहायचं. आता बायकांची छोटी घड्याळं घेतच नाही दुरुस्तीला. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सांगतो.

भावजय : म्हणून बोटीपाशी हात खिशात होता.

नवरा : तुला उचललं असतं आणि मध्येच हात सुटला असता तर? खाली पाणी होतं गं.

भावजय : मला वाटलं, तुला माझी लाज वाटतेय.

नवरा : वेडी आहेस का तू?

भावजय : व्हायची वेळ आणलीस.

नणंद : ते राहू दे. मला का सांगितलंस मांडीवरून पडली म्हणून? आपल्या पोराच्या आईवर असा आळ घेतं का कोणी?

नवरा : मी नाही सांगितलं.

नणंद : फोनवर…

नवरा : फोनवर मी म्हटलं, ताई, भिंगरी पडली. तू लगेच म्हणालीस, 'मांडीवरून ना?' मी हो म्हटलं. पहिला प्रश्न तोच होता तुझा. मला काही बनवून सांगावंच लागलं नाही.

भावजय : वा! आयतंच मिळालं. आणि दोन महिने तू ते तसंच राहू दिलंस. ताईंनी पोर मागितली, तर नाही म्हणाला नाहीस. 'बघ, मग ठरवू' म्हणालास. माझी लेक माझ्यापासून सहा महिने लांब ठेवायचं माझ्या पाठीमागं ठरवत होतास, आणि पडली होती तुझ्या हातातून!

नवरा : तुझ्यापासून नाही गं. माझ्यापासून लांब. दुपारी दुकान बंद ठेवून घरात मी एकटाच असतो तिच्याबरोबर. ती हात वर करून 'बाबा, उचल' म्हणते आणि मला धडकी भरते. वाटलं, ताईकडे निदान पडणार तरी नाही.

भावजय : हे सगळं मला सांगता येत नव्हतं?

नवरा : सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस. डॉक्टर म्हणाला असता हात गेला, मग? दुकान गेलं. आणि तुला कोण उचलणार?

भावजय : तू भेटायच्या आधी अकरा वर्षं मला कोण उचलत होतं? आं? एक लाकडी फळी. खुर्चीतून पलंगावर सरकायचं, पलंगावरून खुर्चीत. अजून कपाटामागं उभी आहे ती. तू उचलतोस ते मला आवडतं म्हणून उचलू देते. अडतं म्हणून नाही.

नवरा : चुकलो मी.

भावजय : चुकलास. आणि मी इतक्यात 'जाऊ दे' म्हणणार नाहीये, वाट बघू नकोस. घरी गेलो की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मी आत येणार तुझ्याबरोबर. आणि उभं राहून तिला घ्यायचं नाही. खाली बसून मांडीवर घे, हवा तितका वेळ घे.

नवरा : हो.

नणंद : मानेत नस दबत असेल. कधी साधं निघतं, कधी नाही. आत्ता काही बोलत नाही मी. वॉर्डात लोकांच्या पोरांची नखं बघून दुखणं ओळखायचे. आणि काल एका टेबलावर जेवलो, हा डाव्या हातानं चमचा धरून बसलाय, ते मला दिसलं नाही.

भावजय : मलाही नाही दिसलं, ताई. मी तुमच्याकडे बघत होते.

नणंद : फोनवर मी तसं विचारायला नको होतं.

भावजय : नकोच होतं.

नणंद : हं.

भिंगरी : आई! आई, मोठ्ठं पाणी कुठे?

नवरा : उठली. मी आणतो…

भावजय : थांब.

नणंद : बरं, मी बघते.

भावजय : तुम्हीही थांबा. मी जाते… ये गं माझी भिंगरी. चढ वर. पाय इथं ठेव, चाकात नाही. हां, अशी. दाराला हात लावू नकोस, निघालो आपण. झालं, आलो बाहेर. आता जा, आत्याजवळ बस जरा. आई मोठ्या चाकांच्या खुर्चीत बसतेय.

नवरा : फळी नाही इथं. हॉटेलच्या माणसांना बोलावू का?

भावजय : नको. आधी या बाकावर सरकते, मग त्या खुर्चीत. तू चाकाला पाय लावून उभा राहा, हलता कामा नये. लाव. हां… आता दुसरा हात… झालं. द्या भिंगरीला, ताई. पट्टा तिच्या पोटावरून घ्या.

नणंद : घेतला. बघ ओढून.

भावजय : बसलाय नीट. ढकलाल का मला, ताई? वाळू जड जाईल.

नणंद : ढकलते. कुठं थांबायचं ते तू सांग.

भिंगरी : चल, चल, चल!

नवरा : आणि मी?

भावजय : तू सगळ्यांच्या चपला घे. डाव्या हातात.